झोपलेल्या संगणकाला कोण उठवतो?

तापीकाठच्या सारंगखेड्याचे नाव तुम्ही ऐकले असेल. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातले हे गाव. दत्तजयंतीला येथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्याबरोबर घोड्यांचा मोठा बाजारही भरतो. अशा बाजारात नीट पाहिलेत, तर एखादा घोडा उभ्या उभ्याच डुलकी घेताना दिसेल. त्याच्या पायांतील स्नायुबंध सांध्यांना असे धरून ठेवतात, की फारसे श्रम न पडता त्याला उभे राहता येते. गाढ झोपेसाठी मात्र त्याला आडवे व्हावे लागते. कळपातले घोडे आडवे झाले, तर त्यांतला एखादा बहुधा उभा राहून कानोसा घेत असतो. सगळ्यांनी जागे राहण्याची गरज नसते. पण कोणी तरी जागे असावे लागते.

हीच युक्ती संगणकालाही लागू पडते. ती कशी, ते पाहू.

काही घरांत एक संगणक केवळ साठवणीसाठी ठेवतात. घरची छायाचित्रे, चित्रफिती, कागदपत्रे त्यात असतात. पुण्याला शिकणाऱ्या ताईने तिथून एखादे छायाचित्र मागितले, की तो ते इंटरनेटवरून पाठवतो. मागेल ते पुरवणाऱ्या अशा संगणकाला ‘सर्व्हर’ म्हणतात. मागणी केव्हा येईल हे सांगता येत नाही, म्हणून तो रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. समजा, तो ६० वॅट वीज घेतो. २४ तासांत १४४० वॅट-तास, म्हणजे १.४४ युनिट झाले. ३० दिवसांत ४३.२ युनिट! आणि प्रत्यक्ष काम दिवसाला जेमतेम दोन तासांचे.

मग त्याला झोपवावे काय? संगणकाला निद्रावस्थेत ठेवता येते. त्याचा पंखा थांबतो, मुख्य गणनयंत्र थांबते आणि वीज दोन-एक वॅटवर येते. पण झोपलेला संगणक ताईच्या मागणीला उत्तर कसे देणार?

येथे त्याचा ‘कान’ उपयोगी पडतो. तारेने जाळ्याला जोडलेल्या संगणकातील नेटवर्क कार्डाला झोपेतही थोडी वीज मिळत राहते. ते एकाच खुणेची वाट पाहत असते. या खुणेला ‘मॅजिक पॅकेट’ म्हणजे जादूची पुडी म्हणतात. ए.एम.डी. आणि ह्यूलेट-पॅकार्ड या कंपन्यांनी ही पद्धत १९९५ च्या सुमारास पुढे आणली.

या पुडीत जादू मुळीच नाही. प्रत्येक नेटवर्क कार्डाला सहा बाइटांचा स्वतःचा पत्ता असतो. पुडीत आधी सहा बाइट असे असतात, की त्यांतील सर्व ४८ बिट ‘१’ असतात. त्यानंतर त्या कार्डाचा पत्ता ओळीने सोळा वेळा येतो. म्हणजे ६ + (१६ × ६) = १०२ बाइट. सोळा वेळा कशासाठी? इतर एखाद्या संदेशात असा क्रम योगायोगाने येऊन संगणक उगाच जागा होऊ नये म्हणून. आपला पत्ता ओळखताच कार्ड संगणकाला जागे करते.

परंतु एक अडचण उरते. ही पुडी घरातल्या जाळ्यात सर्वांना ऐकू जाईल अशी टाकायची असते. अशी हाळी सहसा घराच्या राउटरपलीकडून आत येऊ दिली जात नाही. तेव्हा घरातच कोणी तरी जागे हवे. त्यासाठी चार-पाच वॅटवर चालणारा, तळहातावर मावेल एवढा छोटा संगणक पुरतो. त्याच्यावर ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ नावाची आज्ञावली चालते.

‘प्रॉक्सी हजेरी’ हा शब्द तुम्हांला माहीत असेलच! दुसऱ्याच्या वतीने वागणारा तो प्रॉक्सी. साधा प्रॉक्सी मागणाऱ्याच्या वतीने बोलतो. रिव्हर्स प्रॉक्सी देणाऱ्याच्या वतीने दारात उभा असतो. ताईची मागणी प्रथम त्याच्याकडे येते. सर्व्हर झोपलेला आहे असे दिसताच तो जादूची पुडी टाकतो, सर्व्हर उत्तर देऊ लागेपर्यंत मागणी धरून ठेवतो आणि मग आत पोचवतो. बराच वेळ कोणी काही मागितले नाही, तर सर्व्हर पुन्हा झोपी जातो.

आता हिशेब करू. छोटा संगणक चार वॅटने २४ तास: ९६ वॅट-तास. सर्व्हर दोन तास जागा: १२०. उरलेले २२ तास दोन वॅटने: ४४. एकूण २६०, म्हणजे ०.२६ युनिट. महिन्याला ७.८ युनिट! ३५.४ युनिट वाचले.

याची किंमत मात्र द्यावी लागते. पहिल्या मागणीला काही सेकंद थांबावे लागते. फारच उशीर झाला, तर मागणारा कंटाळून नाद सोडतो. म्हणून प्रॉक्सी ‘थांबा, उठवत आहे’ असा मजकूर दाखवू शकतो. दुसरा धोका याहून मोठा आहे. इंटरनेटवर असंख्य यंत्रे दिसेल ते दार ठोठावत हिंडत असतात. प्रत्येक टकटकीला सर्व्हर उठू लागला, तर त्याला झोप मिळणारच नाही आणि सगळी बचत वाया जाईल. म्हणून प्रॉक्सीने आधी परवलीचा शब्द विचारावा आणि ओळख पटली तरच पुडी टाकावी. राखणदाराने नुसते जागे असून भागत नाही; कोणासाठी उठवायचे हेही त्याला कळले पाहिजे.

तुमच्या घरात कोणती उपकरणे अशी अर्धवट झोपलेली असतात? दूरदर्शन संचाचा लहानसा लाल दिवा पाहा. रिमोटची खूण ऐकण्यासाठी त्याचाही कान जागाच असतो. अशा उपकरणांची यादी करा. प्रत्येक उपकरण त्या स्थितीत किती वॅट घेते, ते त्याच्या माहितीपत्रकात शोधा आणि महिन्याचे युनिट काढा. त्यांपैकी कोणाला खरोखर जागे राहण्याची गरज आहे आणि कोणाचे बटण रात्री सरळ बंद करता येईल, हे तुमचे तुम्हीच ठरवा.