ढगाला लागली कळ

बोट लावीन तिथं गुदगुल्या (१९७८) या मराठी विनोदी चित्रपटातील द्व्यर्थी गीत. दादा कोंडके (१९३२–९८) यांच्या या गीतास राम-लक्ष्मण या नावाने संगीत देणारे विजय पाटील यांनी चाल दिली. वरवर पाहता ते पावसाचे साधे गाणे आहे. त्यातील शब्द नित्याच्या बोलण्यातले असून दुसरा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनातच उमटतो. हसल्याबरोबर तो आपल्याला कळल्याची कबुली प्रेक्षक देऊन बसतो.

ही युक्ती तमाशातील. बतावणीतील सोंगाड्या भाबडेपणा पांघरून बोलतो आणि अनर्थ श्रोत्यांवर सोपवितो. वसंत सबनीस यांच्या विच्छा माझी पुरी करा या लोकनाट्यात कोंडके यांनी हे तंत्र रंगभूमीवर गाजविले व सोंगाड्या (१९७१) पासून पडद्यावर आणले. ब्रिटिश म्युझिक हॉलमधील विनोदी गायकही असेच करीत. जॉर्ज फॉर्म्बी याचे खिडक्या पुसणाऱ्या कामगाराचे गीत (१९३६) अशाच एका विनोदी चित्रपटातील असून बीबीसीने ते प्रक्षेपित करण्यास नकार दिला होता.

अशा थट्टेस लोकजीवनात मज्जाव नव्हता. तिला मर्यादा होती. रायगडच्या किनारपट्टीवरील आगरी व कोळी वस्त्यांत, एकूण कोकणाप्रमाणेच, शिमग्यात चावट गाणी व अचकटविचकट बोलणे परंपरेने खपवून घेतले जाई. सण सरला की ती मुभाही सरे. शिवाय म्हणणारे व ऐकणारे एकमेकांच्या ओळखीचे असत. चित्रपटगृहात मात्र हीच थट्टा बाराही महिने, तिकीट काढून आणि अनोळखी माणसांच्या शेजारी बसून ऐकावयाची. कोंडके यांचे सेन्सॉर मंडळाशी वारंवार खटके उडाले, त्यामागे हा फरक होता. अश्लीलतेचा आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हता. त्यांच्या नंतरच्या काही हिंदी चित्रपटांत वरचा अर्थ नावापुरताच उरतो. प्रस्तुत गीतात तो शाबूत आहे. लहान मुलाने ते पावसाचे म्हणून गुणगुणावे आणि थोरांनी एकमेकांकडे पाहणे टाळावे, यातच त्याची खरी गंमत.

ड्रीम गर्ल (२०१९) या हिंदी चित्रपटासाठी गीताची नवी आवृत्ती करण्यात आली. तिच्या स्वामित्वहक्काचा वाद न्यायालयात गेला.