विकर आणि विकार : एका कान्याचे अंतर



साहित्याच्या व्यासपीठावर जंतूंचे काय काम, असे कोणाच्या मनात आले तर त्यात नवल नाही. म्हणून सुरुवात शब्दापासूनच करतो. ‘एन्झाइम’साठी आपल्या पाठ्यपुस्तकांनी ‘विकर’ हा शब्द रूढ केला. त्यात एक काना वाढला की ‘विकार’ होतो. मुद्रितशोधकाला धास्ती घालणारे हे साम्य आजच्या विषयाला मात्र उपयोगी पडते. कारण जंतूचा विकर अडवून माणसाचा विकार बरा करणे, हेच अनेक प्रतिजैविकांचे काम आहे.

विकर म्हणजे एक ठरावीक काम करणारे प्रथिन. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतला विकर पिष्टाची साखर करतो. प्रत्येक विकराला एक खाच असते. त्या खाचेत बसणाऱ्या पदार्थावरच तो काम करतो. खाचेत भलताच पदार्थ अडकून बसला, तर विकर जागच्या जागी निकामी होतो.

आता आपल्या गावाकडे वळू. लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट हे जुन्या बडोद्याच्या कोटाचे चार दरवाजे. कोट गेला, दरवाजे राहिले, आणि शहराचे त्यावाचून काही अडले नाही. जंतूला मात्र कोटावाचून जगता येत नाही. त्याच्या पेशीच्या आत दाब मोठा असतो. भोवतीची भिंत कमकुवत झाली की पेशी फुटते. ही भिंत शर्करेच्या लांब साखळ्यांची असते आणि त्या साखळ्या प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. या गाठी मारणारे जे विकर, ते भिंतीचे गवंडी. माणसाच्या पेशीला अशी भिंतच नसते, त्यामुळे तिच्याकडे हे गवंडीही नसतात. म्हणूनच गवंड्यावर नेम धरला तर रोग्याच्या पेशी सहसा सुखरूप राहतात.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना 1928 मध्ये सापडलेले पेनिसिलिन नेमके हेच करते. ते गवंड्याला गाठीच्या टोकासारखे दिसते, ही कल्पना टिपर आणि स्ट्रॉमिंजर यांनी 1965 मध्ये मांडली. गवंडी फसतो, पेनिसिलिन त्याच्या खाचेत घट्ट अडकते आणि बांधकाम थांबते. या औषधाशी आपला संबंध जवळचा आहे. पुण्याजवळ पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. बडोद्यात अलेम्बिकच्या पेनिसिलिन कारखान्याचे उद्घाटन 1961 मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाले.

पण जंतूही स्वस्थ बसले नाहीत. पेनिसिलिन तोडणारा विकर त्यांच्याजवळ असल्याचे एब्राहम आणि चेन यांनी 1940 मध्येच नोंदवले होते, म्हणजे औषध सर्रास वापरात येण्यापूर्वी. पुढे रसायनशास्त्रज्ञांनी न तुटणारी औषधे शोधली आणि जंतूंनी ती तोडणारे नवे विकर मिळवले. अशाच एका विकराच्या नावात आपल्या राजधानीचे नाव आहे : एनडीएम-1. दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णात 2008 मध्ये त्याचा छडा लागला. हा विकर जस्ताच्या साहाय्याने औषध तोडतो. राखीव म्हणून जपलेली कार्बापेनेम गटातील औषधेही त्याच्यापुढे टिकत नाहीत आणि असे तोडणारे विकर अडवण्यासाठी वापरले जाणारे क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल येथे निरुपयोगी ठरते.

या कोंडीतून एक वाट छत्रपती संभाजीनगरला, पूर्वीच्या औरंगाबादला, वोक्हार्टच्या संशोधन केंद्रात शोधली गेली. तेथे तयार झालेले झिडेबॅक्टॅम एनडीएमला अडवण्याच्या भानगडीत पडत नाही. ते पुन्हा गवंड्यांकडेच जाते. जंतूचा लांबट आकार राखणारा एक गवंडी असतो. तो अडला की जंतू गोल होतो. पेशीचे विभाजन होताना मधली भिंत बांधणारा दुसरा. तो अडला की जंतू दोरीसारखा लांबच होत राहतो. झिडेबॅक्टॅम पहिल्याला धरते. सोबत दिलेले सेफेपिम हे जुने औषध मुख्यतः दुसऱ्याला धरते. एनडीएम सेफेपिमचा बराचसा भाग तोडतो खरा, पण पहिला गवंडी आधीच अडकलेला असल्याने उरलेले थोडे सेफेपिमही पुरते. झिडेबॅक्टॅमला एनडीएम तोडू शकत नाही. मेरोपेनेम या प्रस्थापित औषधाशी तुलना करून या जोडीच्या रुग्णांवर चाचण्या घेण्यात आल्या आहेत.

नवे औषध घडायला अनेक वर्षे लागतात. ते बोथट करायला मात्र आपला निष्काळजीपणा पुरतो. प्रतिजैविकाचा प्रत्येक वापर कमजोर जंतूंना मारतो आणि चिवट जंतूंना मोकळे रान देतो. सर्दीच्या विषाणूला तर ही भिंतच नसते. त्याच्यासाठी गवंड्यावरचे औषध घेणे म्हणजे स्वतःच्या पोटातल्या निरुपद्रवी जंतूंवर ते वाया घालवणे. तरीही शेजाऱ्याच्या पाकिटातल्या चार गोळ्या आपण मागून घेतो आणि बरे वाटताच डॉक्टरांना न विचारता थांबवतो. 1 मार्च 2014 पासून अनेक महत्त्वाच्या प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषधविक्रेत्याला बंधनकारक झाले. पाकिटावरची उभी लाल रेघही हेच बजावते, की हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये.

आपण साहित्याचे वाचक एका कान्याची चूकही खपवून घेत नाही. घरी गेल्यावर औषधांच्या डब्यातली पाकिटे तेवढ्याच बारकाईने वाचावीत, एवढीच विनंती करतो.