पाण्याने थंड राहणारा संगणक : कमी खर्चात, घरच्या घरी

आपल्या अनेक घरांची चूल आज संगणकावर पेटते. कोणी लग्नाच्या व्हिडिओंचे संपादन करतो, कोणी लग्नपत्रिकांची उर्दू-मराठी जुळणी करतो, कोणी भरतकामाच्या यंत्रासाठी नक्षी तयार करून देतो. दुकानाचे भाडे परवडत नाही म्हणून यंत्र घरातच असते, आणि तेही बहुतेक वेळा वरच्या मजल्यावर, पत्र्याखालच्या खोलीत. गेली काही वर्षे रमजान ईदनंतरचा लग्नांचा हंगाम नेमका उन्हाळ्यात येतो. मालेगाव, जळगाव, अकोला या भागांत बाहेर ४२-४३ अंश असताना या खोलीत माणसाला बसवत नाही. यंत्र मात्र रात्रंदिवस चालू ठेवावे लागते, कारण गिऱ्हाइकाला तारीख दिलेली असते.

आमच्या घरात पुतण्याचे हेच काम आहे. त्याच्या यंत्रात इंटेलचा आय-सेव्हन १२७०० हा प्रोसेसर आहे. मे महिन्यात तासाभराचा निकाहाचा चित्रपट तयार होताना यंत्र मध्येच बंद पडू लागले. हंगामातली नऊ लग्ने हातात होती, सातांची अर्धी रक्कम आगाऊ आलेली. खोलीला एसी बसवावा म्हटले तर ३३ हजारांचा भाव मिळाला, शिवाय महिन्याचे बिल वेगळे. आणि तापलेल्या पत्र्याखाली तो कितपत पुरेल याची खात्री दुकानदारही देईना. तेव्हा सगळी खोली थंड करण्याऐवजी फक्त यंत्राची उष्णता बाहेर काढता येईल का, याचा आम्ही घरात बसून विचार केला. त्यातून पाण्याने थंड होणारी जोडणी उभी राहिली. ती कशी केली, किती खर्च आला आणि कोणी या वाटेला जाऊ नये, हे येथे सांगत आहोत.

आधी फुकटचे उपाय

प्रोसेसर म्हणजे बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा. जोराचे काम चालू असताना तो दीडशे वॉटपेक्षा जास्त वीज खातो आणि ती सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. १०० अंशांच्या आसपास पोचला की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग कमी करतो. त्यानेही भागले नाही तर यंत्र बंद होते. म्हणून पहिले काम तापमान मोजण्याचे. एचडब्ल्यूइन्फो किंवा एचडब्ल्यूमॉनिटर यांसारखा मोफत प्रोग्राम टाकला की आकडा समोर दिसतो.

आम्ही डबा उघडला तेव्हा पंख्याच्या पात्यांवर आणि जाळीवर मागमाच्या तंतूंचा थर होता. आमच्या गल्लीत हवेतच सूत असते. ब्रशने साफसफाई केली, प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. खर्च दोनशे रुपयांच्या आत. यंत्र बंद पडायचे थांबले. वेग मात्र दुपारभर पडलेलाच राहिला, कारण खोलीची हवाच ४० अंशांची होती आणि सोबत आलेला लहान पंखा या प्रोसेसरला अपुरा होता.

ज्यांचे काम पत्रिका, हिशेब, अभ्यास एवढेच आहे त्यांनी येथेच थांबावे. त्यापुढचे काम असेल तर दोन-अडीच हजारांचा मोठा, उभा हवेचा कूलर बहुतेक घरांना पुरतो. बायॉसमध्ये प्रोसेसरची विजेची मर्यादा थोडी खाली आणली तरी उष्णता बरीच उतरते आणि वेग त्या मानाने कमीच घटतो. पाण्याची जोडणी ही त्यानंतरची पायरी आहे.

पाणीच का?

ट्रकच्या इंजिनाला जे तत्त्व लागू होते तेच येथे. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे ४.२ ज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम हवेला सुमारे एकच. म्हणजे पाणी थोडक्यात जास्त उष्णता उचलते, आणि मुख्य म्हणजे ती नळीतून हवी तेथे नेऊन सोडता येते. पुण्याच्या आयसर संस्थेतल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकालाही द्रवानेच थंड ठेवतात. १९९०च्या दशकाच्या अखेरीस हौशी मंडळींनी घरचे संगणक पाण्यावर आणले तेव्हा त्यांनी मत्स्यपेटीचा पंप आणि मोटारीच्या हीटरची जाळी वापरली होती. आज तयार सुटे भाग मिळतात.

एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्या. पाणी कितीही फिरवले तरी ते रेडिएटरवर येणाऱ्या हवेपेक्षा थंड होत नाही. हवा ४० अंशांची तर पाणी त्याहून गरमच. म्हणून आम्ही रेडिएटर संगणकाच्या डब्यात ठेवला नाही. खोलीत पुतण्यासाठी खस लावलेला साधा कूलर आहे. त्याच्या तोंडाशी हवा सुमारे ३२ अंशांची असते. ती दमट हवा थेट संगणकावर घेणे बरे नव्हे. पण रेडिएटरला दमटपणाची फिकीर नसते. लाकडी चौकटीत बसवून तो कूलरपासून दोन फुटांवर ठेवला, जेणेकरून वारा लागेल आणि थेंब उडणार नाहीत. संगणक कोरड्या कोपऱ्यात राहिला. नळीतले पाणी कूलरच्या हवेपेक्षा थोडे गरमच राहते, म्हणून तिच्यावर दव धरण्याची भीतीही नाही. बाजारातल्या बंद, तयार संचाच्या नळ्या आखूड असतात, त्यात ही सोय होत नाही. सुट्या जोडणीचा खर्च आम्हाला पटला तो एवढ्यासाठीच.

सामान आणि खर्च

काही भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणले, काही ऑनलाइन मागवले. आम्हाला पडलेला भाव असा :

प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा वॉटर ब्लॉक – २,८०० रुपये
२४० मिलिमीटरचा तांब्याचा रेडिएटर – ३,९०० रुपये
पंप आणि टाकी एकत्र – ४,४०० रुपये
सहा फिटिंग, प्रत्येकी २८० प्रमाणे – १,६८० रुपये
पाणी काढण्यासाठी टी आणि लहान कॉक – ९०० रुपये
चार मीटर काळी मऊ नळी – ७२० रुपये
१२० मिलिमीटरचे दोन पंखे – १,२०० रुपये
डिस्टिल्ड वॉटर आणि शेवाळरोधक – ४५० रुपये

एकूण १६,०५० रुपये. पैसे वाचवायचे तर पंखे आणि नळीत वाचवा, पंप आणि रेडिएटरमध्ये नको.

खरेदी करताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, धातू. ब्लॉक तांब्याचा आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा असेल तर एकाच पाण्यात दोन्ही मिळून विद्युतघटासारखी क्रिया होते आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. स्वस्त रेडिएटर पुष्कळदा ॲल्युमिनियमचेच असतात, म्हणून वर्णन वाचूनच घ्यावे. तांबे आणि पितळ एकत्र चालते. दुसरी, मापे. फिटिंगचा आटा जी १/४ असावा आणि नळीची आतली-बाहेरची मापे फिटिंगवर लिहिलेल्या मापांशी तंतोतंत जुळावीत. आमची १० आणि १३ मिलिमीटर होती. तिसरी, नळीचा रंग. पारदर्शक नळी दिसायला सुंदर, पण उजेड आत गेला की शेवाळ धरते. काळी नळी बरी. रंगीत पाणीही नको. त्याचा गाळ ब्लॉकच्या बारीक खाचांत बसतो.

नळाचे किंवा बोअरचे पाणी अजिबात घालू नये, क्षार साचतात. आरओचे पाणीही डिस्टिल्ड नसते. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळते, पण बाटलीवरचे नाव वाचून घ्या; तेथेच शेजारी ॲसिडही ठेवलेले असते.

भाभींची अट

पुतण्याच्या आईला हा प्रकार पसंत नव्हता. "पानी और करंट एक डिब्बे में? और उसी में लोगों की शादियाँ रखी हैं!" असे त्या म्हणाल्या. त्यांचा मुद्दा अगदी खरा होता. यंत्र जळाले तर कर्ज काढून दुसरे घेता येते, पण कोणाचा निकाह पुन्हा चित्रित करता येत नाही. त्यांनी अट घातली की सगळ्या लग्नांचे मूळ चित्रण आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवायचे आणि ती डिस्क खालच्या कपाटात त्यांच्या ताब्यात द्यायची. ते काम दीड दिवस चालले. त्यानंतरच आम्ही स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला. वाचकांनीही हाच क्रम ठेवावा.

जोडणी

रेडिएटरच्या आत कारखान्यातल्या डाखकामाचा कचरा असतो. गरम डिस्टिल्ड पाणी भरून, हलवून, ते स्वच्छ येईपर्यंत तीन-चार वेळा ओतून टाकावे. प्रोसेसरवर वाटाण्याएवढी पेस्ट ठेवून ब्लॉकचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आळीपाळीने आवळावेत. ब्लॉकवर पाणी आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे तोंड ठरलेले असते, ते पाहावे. टाकी नेहमी पंपाच्या वर आणि पंपाला थेट पाणी पुरवणारी हवी. बाकी रेडिएटर आधी की ब्लॉक आधी याने फारसा फरक पडत नाही, कारण पाणी वेगाने फिरते आणि सगळीकडे तापमान जवळपास सारखेच होते. टाकीचे झाकण हा जोडणीतला सर्वांत उंच भाग ठेवा, म्हणजे झाकण उघडताना पाणी उलट येत नाही आणि हवाही तेथेच गोळा होते. सर्वांत खालच्या जागी टी आणि कॉक लावा.

नळी सरळ कापावी आणि वळण मोठे ठेवावे. मुरडली की प्रवाह अडतो. नळकाम करणारे आटे टेफ्लॉनने गुंडाळतात, तसे येथे करू नये. फिटिंगला रबरी कडे असते, तेच पाणी अडवते. पान्हा न लावता हाताने घट्ट करणे पुरे.

चोवीस तासांची परीक्षा

संगणक चालू करण्यापूर्वी फक्त पंप चालवून गळती तपासायची असते. ही पायरी टाळू नये आणि मुलांवर सोपवू नये. मदरबोर्ड, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना जाणाऱ्या विजेच्या सगळ्या जोडण्या काढाव्यात. पॉवर सप्लायची मुख्य वायर भिंतीतून काढलेली असताना २४ पिनांच्या जोडणीतली हिरवी आणि एक काळी तार कागदाच्या क्लिपने जोडावी. यामुळे मदरबोर्डशिवाय पॉवर सप्लाय सुरू होतो. टाकी भरावी, काही सेकंद पंप चालवावा, पातळी उतरली की बंद करून पुन्हा भरावी. पंप कोरडा चालवला तर खराब होतो. डबा हळूच इकडे तिकडे कलता केला की अडकलेले बुडबुडे निघतात.

प्रत्येक सांध्याखाली पांढरा टिश्यू पेपर ठेवून आम्ही २४ तास पंप चालू ठेवला. घरातले सगळे येता-जाता कागद पाहून जात. सगळे कागद कोरडे निघाले, मगच मदरबोर्डला वीज दिली. शुद्ध पाणी वीज फारशी वाहून नेत नाही हे खरे, पण धातूंतून फिरून ते तसे शुद्ध राहत नाही. म्हणून त्या भरवशावर राहू नये. घरातली अर्थिंग तपासून घ्या आणि डबा जमिनीवर ठेवू नका.

आणखी दोन बारकावे. पंपाला वीज थेट पॉवर सप्लायमधून द्यावी आणि त्याची वेग सांगणारी तार मदरबोर्डवरच्या प्रोसेसर-पंख्याच्या जागी लावावी. पंप थांबलेला असेल तर यंत्र सुरू होतानाच सूचना मिळते. दुसरे, जुना पंखा गेल्यावर प्रोसेसरच्या आजूबाजूच्या भागांना वारा मिळेनासा होतो. तेही तापतात, म्हणून डब्यातला एक पंखा त्या बाजूला वळवावा.

काय मिळाले?

पूर्वी दुपारी काम चालू असताना प्रोसेसर १०० अंशांना टेकलेला असे आणि तासाभराचा चित्रपट तयार व्हायला एक तास पन्नास मिनिटे लागत. आता खसचा कूलर चालू असताना तापमान ७६ ते ७९ अंशांत राहते आणि तेच काम एक तास अठ्ठावीस मिनिटांत होते. बावीस मिनिटे वाचली. मोठा फायदा म्हणजे दुपारचे वाया जाणारे चार तास परत मिळाले. नऊही लग्ने दिलेल्या तारखांना पोचली.

याची किंमतही आहे. यंत्र आता सहज उचलून नेता येत नाही. रेडिएटरची जाळी पंधरा दिवसांनी ब्रशने झाडावी लागते. महिन्यातून एकदा टाकीची पातळी पाहायची आणि वर्षातून एकदा सगळे पाणी काढून नळ्या, कडी तपासून नवे भरायचे. ज्याला हे जमणार नाही त्याने हवेचा मोठा कूलर घ्यावा. उलट, बंद तयार संचाचा पंप गेला की बहुधा पूर्ण संच टाकावा लागतो. येथे पंप, नळी, फिटिंग एकेक बदलता येते आणि पुढचे यंत्र घेतले तरी रेडिएटर-पंप तेच चालतात, ब्लॉकची फक्त बैठक बदलते.

भाभींची डिस्क अजून खालच्या कपाटातच आहे. प्रत्येक लग्नाचे चित्रण आले की पहिली प्रत तिच्यावर जाते आणि मग संपादनाला सुरुवात होते.