साईट आपली, पण क्लिक आपलं नाही!

शुक्रवारची रात्र, कोथरूडमधला फ्लॅट, पिझ्झाचे रिकामे बॉक्स आणि पाच लॅपटॉप. आमच्या ग्रुपमधल्या एकाची गड-किल्ल्यांवरची वेबसाईट होती. कुठल्या टाक्यातलं पाणी पिण्यासारखं आहे, शेवटची एसटी किती वाजता सुटते, पायथ्याशी पिठलं-भाकरी कुणाकडे मिळते, हे सगळं तो स्वतः जाऊन, बघून लिहायचा. साईटवर जाहिराती लावून दोन महिने झाले होते आणि महिन्याला जेमतेम तीन-चार डॉलर जमत होते. "अरे, सगळे पाच-पाच क्लिक मारा ना यार," तो म्हणाला. आम्ही मारले. दोस्तीत एवढं तर चालतंच!

नाही चालत. दोन आठवड्यांनी मेल आला. इनव्हॅलिड क्लिक्समुळे अकाऊंट बंद, जमलेले पैसेही गेले. पठ्ठ्या आठवडाभर त्या कंपनीला शिव्या घालत होता. आम्हीही सुरात सूर मिसळला. एवढ्या मोठ्या कंपनीला आमचे पंचवीस क्लिक काय जड झाले?

त्याचं उत्तर मला चिंचवडला मिळालं, मावशीकडे. मावशी घरून गोडा मसाला, मेतकूट आणि भाजणी विकते. चुलतभावाने तिला ऑनलाईन जाहिरात सुरू करून दिली होती, बजेट दिवसाला २०० रुपये. "आज अकरा वाजताच पैसे संपले गं. ऑर्डर एक नाही. कोण दाबतं कोण जाणे!" ती म्हणाली आणि माझ्यापुढे चहा ठेवला. मी गप्प. तिची जाहिरात त्या किल्ल्यांच्या साईटवर दिसली असेल असं अजिबात नाही. पण आम्ही ज्यांच्यावर क्लिक मारले, ती कुणाची तरी मावशी होतीच की.

आपण विसरतो ते एवढंच. साईटवाल्याला मिळणारा पैसा आकाशातून पडत नाही, तो जाहिरातदाराच्या खिशातून येतो. गुगल अ‍ॅडसेन्सचंच घ्या. २००३मध्ये ते आलं आणि छोट्या साईटवाल्यांना घरबसल्या जाहिराती मिळू लागल्या. जाहिरातदार गुगल अ‍ॅड्समार्फत आला, तर त्याने मोजलेल्या पैशांतले साधारण ६८ टक्के साईटवाल्याकडे जातात. म्हणून पहिला नियम म्हणजे, स्वतःच्या साईटवरच्या जाहिरातीवर क्लिक करायचं नाही. कुतूहल म्हणूनही नाही, अगदी ती जाहिरात आवडली तरी नाही! त्या कंपनीचा पत्ता वेगळा टाईप करा आणि बघा. २०२४पासून अ‍ॅडसेन्सचा हिशेब क्लिकऐवजी जाहिरात किती वेळा दिसली यावर होतो. त्यामुळे पेज पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत बसणं हीसुद्धा तीच चोरी. गैर ट्रॅफिकचे पैसे कापले जातात आणि शक्य तिथे जाहिरातदाराला परत दिले जातात. अकाऊंट बंद झालं तर अपील करता येतं. पण ते फेटाळलं गेलं, की दुसरं अकाऊंट उघडायलाही परवानगी नाही.

दुसरा नियम मागण्याचा आहे आणि त्यात भले भले अडकतात. "आमची साईट आवडली? मग जाहिरातीवर क्लिक करून सपोर्ट करा!" ही ओळ किती साध्या मनाने लिहिलेली असते, पण अ‍ॅडसेन्समध्ये ती सरळ सरळ नियमभंग आहे. जाहिरातीकडे बोट दाखवणारा बाण नको. शेजारी असा फोटो नको, की जाहिरात त्या फोटोचीच वाटावी. जाहिरातींच्या डोक्यावर 'उपयुक्त लिंक्स' असलं गोड नावही नको, जाहिरात आहे तर 'जाहिरात' म्हणा. आणि डाऊनलोड बटणाला खेटून जाहिरात लावणाऱ्यांना तर माझ्यातर्फे वेगळी शिक्षा हवी. रिंगटोन, वॉलपेपर, परीक्षेचा निकाल... खरं बटण कुठलं हे शोधताना आपण सगळ्यांनीच चुकीच्या ठिकाणी दाबलेलं आहे!

'एका पानावर तीनच जाहिराती' हा नियम मात्र २०१६मध्येच गेला, तरी अजून लोक तो एकमेकांना ऐकवतात. आता मुद्दा प्रमाणाचा आहे. मजकुरापेक्षा जाहिराती जास्त झाल्या, तर चालत नाही. शिवाय ब्राऊझरही मध्ये पडतात. आपोआप आवाज करणारे व्हिडिओ, पानभर पसरणारे पॉप-अप असले प्रकार करणाऱ्या साईट्सच्या जाहिराती क्रोम जुलै २०१९पासून जगभर अडवतो.

मराठीत साईट काढणाऱ्यांची गंमत वेगळीच. अ‍ॅडसेन्सने हिंदीला २०१४मध्ये दार उघडलं, मराठीला त्यानंतर चार वर्षांनी. त्यामुळे कित्येकांनी अकाऊंट हाती आल्याच्या आनंदात अटी न वाचताच 'आय अ‍ॅग्री' दाबलं. (मीही दाबते. तुम्हीही दाबता.) मग प्रायव्हसी पॉलिसीचं पान राहून जातं. वाचकाच्या ब्राऊझरमध्ये जाहिरातींसाठी कुकीज ठेवल्या जातात, हे त्या पानावर सांगावंच लागतं. तुमच्या उकडीच्या मोदकांची रेसिपी लंडनमधली किंवा म्युनिकमधली सून वाचत असेल, तर भानगड आणखी वाढते. तिकडच्या वाचकांना अ‍ॅडसेन्सच्या जाहिराती दाखवायच्या, तर जानेवारी २०२४पासून गुगलमान्य यंत्रणेतूनच संमती घ्यावी लागते.

आणि हे सगळं कंपनीच्या घरचे नियम, म्हणून हसण्यावारी नेऊ नका. २०२३मध्ये केंद्र सरकारने डार्क पॅटर्न्सवर मार्गदर्शक सूचना काढल्या. बातमी किंवा लेख असल्याचं भासवून छापलेली जाहिरात त्यात नावानिशी आहे. एखादी बेटिंग कंपनी थेट मेल करून भरघोस रक्कम कबूल करते, तेव्हा तर दहा वेळा विचार करा. २०२५च्या ऑनलाईन गेमिंग कायद्यात पैशांवर खेळायच्या गेम्सची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तीन-चार डॉलरच्या हिशेबात हा आकडा कसा दिसतो बघा! जाता जाता ऑफिसचं ऑफर लेटरही काढून वाचा. दुसऱ्या कमाईबद्दलचं एक कलम त्यात बहुतेक असतंच.

आमच्या ट्रेकरची साईट अजून चालू आहे. त्याने अपील केलं, ते फेटाळलं गेलं. वर्षभर एकही जाहिरात नव्हती. मग पुण्यातल्या एका ट्रेकिंगच्या दुकानदाराने त्याला गाठलं. महिन्याला ठरावीक पैसे आणि एक पट्टी, जिच्यावर ठळक अक्षरांत 'जाहिरात' लिहिलेलं. क्लिकचा संबंधच नाही. पट्टी लागली त्या रात्री ग्रुपवर लिंक आली आणि खाली त्याचा मेसेज होता, "बघा, सांगा कशी दिसतेय. आणि प्लीज, कुणी काही दाबू नका."