घाट उतरताना

रत्नागिरीहून कोल्हापूरला जाताना साखरपा मागे पडले, की आंबा घाट लागतो. वळणे सुरू झाली, की कोणी लिंबू हुंगतो, कोणी डोळे मिटून घेतो. चालकाला मात्र डोळे मिटता येत नाहीत. पुढच्या खेपेस तो काय करतो, ते नीट पाहा.

घाट चढणे कठीण आणि उतरणे सोपे, असे आपल्याला वाटते. खरे म्हणजे उतरणेच अधिक धोक्याचे. चढताना गाडी फार तर बंद पडेल. उतरताना ती स्वतःच्या वजनाने वेग घेते. नवखा चालक घाबरून सारखा ब्रेक दाबून धरतो. तुम्ही दोन्ही तळहात जोराने घासून पाहा. ते लगेच गरम होतात. ब्रेकचेही तसेच होते. लांब उतारावर ते इतके तापतात, की जळका वास येतो आणि त्यांची पकड कमी होते. ब्रेकमधले तेल उकळू लागले, तर पाय खाली जातो, पण गाडी थांबत नाही.

म्हणून जाणता चालक उतार लागण्यापूर्वीच खालचा गियर टाकतो. मग इंजिनच चाकांना आवरून धरते व ब्रेकला विश्रांती मिळते. डिझेल वाचवण्यासाठी गियर काढून गाडी सोडणारेही असतात. अशा गाडीत बसण्यापेक्षा पायी उतरलेले बरे!

अरुंद घाटात दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, असा आपल्याकडे नियम आहे. चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलवणे अवघड असते.

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ माणसे नोकरीसाठी आखाती देशांत जातात. तुमचे चाचा किंवा मामू ओमानमध्ये असतील, तर त्यांना जबल अख्दरविषयी विचारा. जबल म्हणजे डोंगर आणि अख्दर म्हणजे हिरवा. वर डाळिंबाच्या आणि गुलाबाच्या बागा आहेत. रस्ता डांबरी आहे, पण उतार फार तीव्र. पायथ्याशी बिरकत अल मौझ येथे पोलीस गाड्या तपासतात. चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळते, अशीच गाडी वर सोडतात. साध्या मोटारीला परत फिरावे लागते.

तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. भेटीला गेलेल्या आपल्या माणसाने भाड्याची गाडी घेतली, तर त्याचा डावा हात सवयीने गियर शोधतो आणि दाराला लागतो! येथील परिवहन कार्यालयातून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना जवळ असलेला बरा. शिवाय गाडी ताब्यात घेतानाच टायर, जादा चाक व जॅक पाहावा. जुने ओरखडे मालकाला दाखवून कागदावर लिहून घ्यावेत.

त्या घाटात उताराच्या कडेने काही आखूड रस्ते वर चढत गेलेले दिसतात. ते कोठेच जात नाहीत. ब्रेक निकामी झालेली गाडी चालक त्या चढावर घालतो आणि ती आपोआप थांबते.