वसईच्या मातीच्या वाटा आणि सायकल



हल्लीं मुंबईच्या सायकलींच्या दुकानांत एका नव्या जातीची सायकल मांडलेली दिसते. तिला 'ग्रॅव्हल' सायकल असें म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे आपली बारीक खडी किंवा मुरूम; तेव्हां तिला मुरमाची सायकल म्हटलें तरी चालेल. शर्यतीच्या सायकलीप्रमाणें तिचें हँडल खालीं वळलेलें असतें, परंतु टायर मात्र ऐसपैस, ३५ पासून ५० मिलिमीटरपर्यंत रुंद असतात, आणि चढावर पाय भरून येऊं नयेत म्हणून गिअर हलके ठेवलेले असतात. अमेरिकेच्या कॅन्सस संस्थानांत २००६ सालीं मुरमाच्या रस्त्यांवर २०० मैलांची एक शर्यत सुरू झाली. तिच्यामुळें या प्रकाराचा बोलबाला झाला, आणि २०२२ सालीं इटलींत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपदाची शर्यत भरली.

हा इतिहास ऐकून वसईकडील जुन्या माणसास थोडें हसूं येतें. पोस्टमन, दूधवाला व शाळामास्तर या तिघांची जी काळी, उंच, २८ इंची सायकल, तिचा टायर दीड इंच रुंद असे. म्हणजे ३८ मिलिमीटर! मीं नोकरीचीं बहुतेक वर्षें अशाच सायकलीवरून, वाळूच्या व मातीच्या वाटेनें, शाळेची घंटा गांठली. तेव्हां लाखाची सायकल घेतल्यावांचून हा छंद करतां येत नाहीं असें कोणीं समजूं नये. रुंद टायर आणि थोडा धीर एवढें भांडवल पुरे.

रुंद टायरचें कारण मात्र समजून घेण्यासारखें आहे. अरुंद टायरमध्यें हवा ठासून भरलेली असते. असा टायर खड्यावर चढला म्हणजे दबत नाहीं. उलट सायकल आणि स्वार दोघेही खड्याच्या उंचीइतके वर उचलले जातात व पुन्हां खालीं आदळतात. या उचलण्या-आदळण्यांत पायांची जी शक्ति खर्चीं पडते, ती पुढें जाण्याच्या कामीं येत नाहीं. रुंद टायरमध्यें हवा कमी ठेवतां येते. खडा टायरमध्यें रुततो आणि सायकल मुकाट्यानें पुढें जाते. ४० मिलिमीटरच्या टायरमध्यें मध्यम वजनाच्या माणसानें दर चौरस इंचास ३० ते ४० पौंड दाब ठेवावा. याहून फार कमी केल्यास चाकाची कड आणि दगड यांच्यामध्यें ट्यूब चिमटते व तिला सर्पदंशासारखीं दोन भोंकें पडतात. आपल्याकडे दगडापेक्षां बाभळीच्या कांट्याचें भय अधिक. म्हणून पंक्चरचें सामान व हातपंप जवळ असल्याशिवाय गांवाबाहेर पडूं नये. पावसाळ्यांत तर मिठागरांच्या बांधांवर जाऊंच नये. तेथील चिकण चाकाला अशी लगडते कीं चाक फिरेनासें होतें, आणि मग सायकलीवर माणूस न बसतां माणसावर सायकल बसते. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे महिने उत्तम.

आतां वाटेविषयीं. वसई तालुका दोन पाण्यांमध्यें वसलेला आहे. दक्षिणेस उल्हास नदीची वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर. मध्यें लोहमार्गाच्या दोहों बाजूंस जी दाट वस्ती वाढली, ती पाहून वसईंत निवांत वाट उरली असेल यावर परक्याचा विश्वास बसणार नाहीं. परंतु पश्चिम पट्ट्यांतील वाड्यांमधून अजून ती आहे. पुष्कळ गल्ल्या डांबरी झाल्या, कित्येकांवर सिमेंट पडलें. तरी बागाइतीच्या कुंपणांमधून जाणाऱ्या मातीच्या पाऊलवाटा धुंडाळणाऱ्यास सांपडतात.

दक्षिणेकडून येणारास २०२४ च्या फेब्रुवारींत सुरू झालेल्या भाईंदर-वसई बोटीनें सायकलीसह खाडी ओलांडतां येते. वेळा मात्र अगोदर विचारून घ्याव्या. बोट सोडली कीं वसईचा किल्ला जवळच आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें डिसेंबर १५३४ मध्यें तह करून वसई पोर्तुगीजांस दिली, व सुमारें २०४ वर्षांनीं, मे १७३९ मध्यें, चिमाजी आप्पांच्या सैन्यानें सुरुंग लावून तटास खिंडार पाडल्यावर ती मराठ्यांकडे आली. १७८० सालीं इंग्रजांनीं ती घेतली. आणि ज्या तहानें पेशवाईचें स्वातंत्र्य गेलें, तो दुसऱ्या बाजीरावाचा तहही वसईचाच, ३१ डिसेंबर १८०२ चा. १५९७ सालीं जपानांत नागासाकी येथें हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया हे या वसईंतच जन्मले. किल्ल्यांत पडक्या चर्चांमधून ताडांच्या सांवलीची मातीची वाट जाते. तेथें सायकल हातीं धरून चालावें हें उत्तम. भिंतींवर चढून छायाचित्रें काढणाऱ्या मंडळींस मी कांहींच सांगूं इच्छीत नाहीं, त्यांना त्या भिंतीच एखादे दिवशीं सांगतील.

किल्ल्यापासून उत्तरेकडे पापडी, गिरीज, भुईगांव, निर्मळ अशी वाट धरावी. या वाटेवर ठिकठिकाणीं हातानें खणलेलीं लहान तळीं दिसतात. त्यांस येथें बावखल म्हणतात. नवख्यास तें डबकें वाटतें. वस्तुतः तें या पट्ट्याच्या जीविताचें साधन आहे. येथील जमीन रेताड, आणि समुद्र हांकेवर. जमिनींत मुरलेलें पावसाचें गोडें पाणी खाऱ्या पाण्याहून हलकें असल्यामुळें त्याच्यावर तरंगतें. बावखलांतून पाऊस मुरत गेला कीं गोड्या पाण्याचा हा थर जाड राहतो व विहिरी गोड्या राहतात; बावखल बुजवून वर इमारत उठली आणि खालून पंप लागला, कीं थर झिजतो व खारें पाणी वर येतें. मग केळीचीं पानें कडेनें करपूं लागतात. मोटारींतून जाणारास हें बावखल दिसतच नाहीं, पायीं चालणारास दिवसांत दोन-चार दिसतील. सायकलस्वारास सकाळभरांत वीस दिसतात, व त्यांतलीं किती भरावानें अर्धीं झालीं आहेत हेंही कळतें.

निर्मळहून पूर्वेस वळलें म्हणजे सोपारा. प्राचीन शूर्पारक तें हेंच. बुरूडराजाचा कोट म्हणून जें टेंकाड लोक ओळखीत, तें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं खणविलें व आंत बौद्ध स्तूप निघाला. स्तूपाच्या गाभ्यांत दगडी करंडक होता. त्यांत बुद्धाच्या आठ ब्राँझच्या मूर्ति, आणि तांबें, चांदी, दगड, स्फटिक व सोनें यांच्या एकींत एक ठेवलेल्या डब्या. सर्वांत आंतल्या सोन्याच्या डबींत काय निघावें? भिक्षापात्राचीं म्हणून जपलेलीं मातीचीं खापरें. तो करंडक मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनें जतन केला आहे.

त्याच सुमारास सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा मिळाला. तो मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहे. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ सालीं भुईगांवास सांपडला. आठव्या लेखाचा विषय माझ्या आजच्या विषयाशीं इतका जवळचा आहे कीं त्याचा आशय सांगितल्याखेरीज राहवत नाहीं. पूर्वींचे राजे मौजेखातर यात्रेस निघत, शिकार करीत. अशोक राज्याभिषेकास दहा वर्षें झाल्यावर बोधिवृक्षाच्या स्थानीं गेला, आणि तेव्हांपासून त्याच्या यात्रेचें स्वरूप पालटलें. ब्राह्मण व श्रमण यांचें दर्शन, वृद्धांस द्रव्यसाहाय्य, आणि खेड्यापाड्यांतील प्रजेची भेट हीं तींत आलीं; व या यात्रेंत आपणांस अधिक आनंद होतो असें राजानें दगडावर कोरून ठेवलें. हल्लीं हातावर घड्याळ बांधून किती किलोमीटर झाले, हृदयाचे ठोके किती पडले, याचाच हिशेब पाहत तरुण मंडळी याच सोपाऱ्यावरून सुसाट निघून जातात. त्यांना मी नांव ठेवीत नाहीं. व्यायाम चांगलाच आहे. पण तीही एक प्रकारची शिकारच म्हणावयाची.

खेड्यांतील माणसास भेटण्याचा प्रश्न येथें नुसत्या सौजन्याचा नाहीं. मातीच्या वाटा सरकारी रस्ते नसतात. कित्येक केवळ वहिवाटीनें चालत आलेल्या असतात. शेतकऱ्याची अशी वाट कोणीं अडविली, तर १९०६ च्या मामलेदार कोर्टाच्या कायद्यान्वयें त्याला मामलेदाराकडे दाद मागतां येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आंत. बागाईत ओस पडली, वाटेवरून कोणी जाईनासें झालें, म्हणजे त्या सहा महिन्यांकडे कोणाचें लक्ष राहणार? मागून जमीन विकली जाते, पत्र्याचें कुंपण येतें, आणि पुढच्या पिढीला येथें वाट होती हें ठाऊकही नसतें. हा हक्क शेतकऱ्याचा, सायकलस्वाराचा नव्हे. आपण तेथें पाहुणे. म्हणून वाडींतून जातांना उतरावें, 'येथून गेलें तर चालेल का?' असें विचारावें, आणि फाटक जसें असेल तसें परत लावावें. विचारलें म्हणजे बहुधा नकार मिळत नाहीं; उलट पुढची वाट उघडी आहे कीं नाहीं हें नकाशापेक्षां खरें कळतें.

सोपाऱ्याहून आगाशीवरून अर्नाळ्यास पोंचतां येतें. किल्ल्यापासून येथवर वळणें धरून २०-२२ किलोमीटर होतात. आगाशीस राजेळी केळ्यांचीं सुकेळीं मिळालीं तर अवश्य घ्यावीं. सायकलवाल्यासाठीं जीं परदेशी वेष्टनांतलीं खाद्यें विकतात, त्यांच्यापेक्षां तीं सरस आहेत. अर्नाळ्याचा किल्ला वैतरणेच्या मुखाशीं बेटावर आहे. मराठ्यांनीं तो १७३७ सालीं घेतला. सायकल किनाऱ्यावर ठेवून होडीनें जावें.

ज्यांस डोंगर हवा त्यांनीं दुसरे दिवशीं शिरसाडहून पूर्वेस मांडवी, उसगांव करीत वज्रेश्वरीस जावें. वाट तानसा नदीच्या खोऱ्यांतून जाते. वसई जिंकल्यास देऊळ बांधीन असा नवस चिमाजी आप्पांनीं केला होता अशी कथा आहे. देवळाचा तट किल्ल्यासारखा असून ५२ पायऱ्या चढाव्या लागतात, आणि जवळच अकलोलीस नदीकांठीं ऊन पाण्याचीं कुंडें आहेत. मुख्य रस्त्यावर जड वाहनें असतात, म्हणून उजाडतांच निघावें, आणि शिरसाडचा हमरस्ता सायकलीवरून उतरून, ती हातीं धरून ओलांडावा.