अडवणाऱ्याची चार पदकं

नागपूरहून कोलकात्याकडे निघालेली गाडी रायपूर सोडते, उरल्याच्या पोलाद कारखान्यांची धुरकट हवा मागे पडते आणि जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बिलासपूर येतं. या गावानं हॉकीला केवढा मोठा खेळाडू दिला, हे डब्यातल्या किती प्रवाशांना ठाऊक असेल?

त्याचं नाव लेस्ली क्लॉडियस. २५ मार्च १९२७ रोजी बिलासपूरच्या एका अँग्लो-इंडियन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तेव्हा हे गाव बंगाल-नागपूर रेल्वेचं मोठं ठाणं होतं. गंमत म्हणजे लेस्लींचा पहिला खेळ फुटबॉल! १९४६ साली खरगपूरला रेल्वेच्या हॉकी संघांचा सराव चालू होता. एक खेळाडू कमी पडला. १९३२च्या ऑलिम्पिक विजेत्या संघातले डिकी कार यांनी बघत उभ्या असलेल्या लेस्लींच्या हाती स्टिक दिली. अवघ्या दोन वर्षांत, १९४८मध्ये, हा तरुण भारतीय संघाबरोबर लंडन ऑलिम्पिकला गेला आणि सुवर्णपदक घेऊन परतला.

क्लॉडियस यांची जागा उजव्या हाफची. प्रतिस्पर्ध्यांच्या डाव्या विंगरला थोपवायचं, चेंडू काढून घ्यायचा आणि क्षणाचाही विलंब न लावता आपल्या आघाडीच्या फळीला पुरवायचा. गोल झाला की टाळ्या पुढच्यांना, गोल बसला की बोट मागच्यांकडे! धावफलकावर नाव न लागणारं हे काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं.

या कामाचं मोल पाहायचं असेल तर १९५६चं मेलबर्न आठवावं. त्याआधी १९५२ साली हेलसिंकीला भारतानं अंतिम सामन्यात हॉलंडला ६-१ असं लोळवलं होतं. मेलबर्नला भारतानं पाच सामन्यांत ३८ गोल केले, हे सगळेच सांगतात. पण त्याच पाच सामन्यांत भारतावर एकही गोल झाला नाही! अंतिम सामन्यात पाकिस्तानवर १-० असा निसटता विजय मिळाला, तो अशा अभेद्य बचावाच्या जोरावरच.

आणि मग १९६०चं रोम. कर्णधारपद क्लॉडियस यांच्याकडे. १९२८पासून ऑलिम्पिकमध्ये एकही सामना न हरलेला भारत अंतिम फेरीत पुन्हा पाकिस्तानसमोर उभा ठाकला. या वेळी एकच गोल झाला, पण तो भारतावर. तीन सुवर्णपदकांशेजारी एक रौप्य आलं. बत्तीस वर्षांची परंपरा आपल्याच कारकिर्दीत खंडित झाल्याचं ओझं कर्णधाराला वाहावं लागलं.

पुढं कोलकात्यात कस्टम्सची नोकरी, १९७१मध्ये पद्मश्री. मुलगा रॉबर्ट १९७८च्या विश्वचषकात भारताकडून खेळला, पण त्याच वर्षी अपघातानं त्याला हिरावून नेलं. कसलेल्या बचावपटूलाही न अडवता येणारा हा घाव क्लॉडियस यांनी सोसला.

२० डिसेंबर २०१२ रोजी कोलकात्यात त्यांचं निधन झालं. त्याच वर्षी लंडनच्या ऑलिम्पिक नकाशावर एका रेल्वे स्थानकाला त्यांचं नाव देण्यात आलं होतं. रेल्वेच्या गावात वाढलेल्या माणसाला याहून शोभेसा मान कोणता?

२०१५ साली रायपूरच्या मैदानावर भारतानं हॉलंडला हरवून जागतिक हॉकी लीगचं कांस्यपदक मिळवलं. जल्लोष गोल करणाऱ्यांचाच झाला. तो व्हायलाच हवा! पण घरी मूल हॉकी किंवा फुटबॉल खेळत असेल, आणि ‘मला नेहमी मागेच उभं करतात’ म्हणून रुसून बसत असेल, तर त्याला शेजारच्या बिलासपूरची ही गोष्ट जरूर सांगा.